बाईंचा तास : डबल बेल

मुलांनो, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला एक कोडं घातलं होतं. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात किती मीटर पुढे जाते? उत्तरांची पुष्कळ पोस्टकार्डं आली. कुणी ४० मीटर लिहिलं, कुणी ४, आणि एकाने तर ‘ट्रॅफिक असेल तर शून्य’ असं लिहून पाठवलं! त्याला मी पैकीच्या पैकी गुण देणार होते, पण मग बाकीचे रागावले असते. बरोबर उत्तर आजच्या गोष्टीतच आहे. मात्र ते कोडं माझं नव्हतं बरं का! ते मला कुणी दिलं, तेच आज सांगणार आहे.

आणि हो, आजची गोष्ट बाईंनी केलेल्या चुकीची आहे. बाई चुकतात का? चुकतात की! फक्त त्यांच्या वहीवर लाल पेनाने खूण करणारं कुणी नसतं, एवढंच.

जून महिना होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि मी सहावीच्या मुलांचे माहितीचे फॉर्म तपासत होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट, आणि मग एक रकाना, ‘वडिलांचा व्यवसाय’. कुणी ‘शेती’ लिहिलं होतं, कुणी ‘किराणा दुकान’, कुणी ‘गुळाचे व्यापारी’. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने नुसतं लिहिलं होतं, ‘नोकरी’.

(त्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. पण त्याला आणि त्याच्या बाबांना विचारूनच हे लिहिते आहे.)

“अरे, नोकरी म्हणजे कुठे?” मी विचारलं.

“ऑफिसात, बाई.”

“कुठल्या ऑफिसात?”

तो गप्प. खाली मान घालून बाकाची फळी नखाने खरवडत राहिला. आणि मी काय म्हणाले असेन? “कमाल आहे! सहावीत आलास आणि आपले वडील काय काम करतात हे तुला सांगता येत नाही?” वर्ग हसला. तो बसला. मी पान उलटलं आणि पुढच्या मुलाचा फॉर्म हातात घेतला. झालं! एवढंसंच. मी तर ते दुपारपर्यंत विसरूनही गेले.

पंधरा-वीस दिवसांनी माझी स्कूटर बिघडली. मी दूरशिक्षणातून बी.ए. करते आहे, आणि नेमका त्याच आठवड्यात मला एका अर्जासाठी शिवाजी विद्यापीठात जायचं होतं. मग काय, शिवाजी चौकात जाऊन के.एम.टी.ची बस पकडली. 

ज्यांनी कोल्हापूर पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. आमचं शहर तसं मुंबई-पुण्यासारखं अवाढव्य नाही. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास भरली. पण १९६२ साली इथे शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ आलं आणि खेड्यापाड्यांतली मुलं-मुली शिकायला इथे येऊ लागली. सगळ्यांकडे कुठल्या गाड्या असायला? कुणी एस.टी.ने स्टँडवर उतरायचं, तिथून शहराच्या बसने कॉलेजात जायचं. संध्याकाळी उलटा प्रवास. शहराची बस ही अशा मुलांची जणू दुसरी आईच. वेळेवर उठवत नाही, एवढाच काय तो फरक!

तर त्या दिवशी बस गच्च भरली होती. मी कशीबशी दांड्याला धरून उभी राहिले. पाहते तर ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर आमचा तिसऱ्या बाकावरचा मुलगा. मांडीवर दप्तर, दप्तरावर जेवणाचा डबा. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

वाटेत एका गृहस्थाला मध्येच उतरायचं होतं. थांबा अजून लांब होता. तो दारातून ओरडला, “ए ड्रायव्हर! झोपलास काय? थांबव की गाडी!” ड्रायव्हर काही बोलला नाही. बस चालूच राहिली. “बहिरा आहेस का रे?” गृहस्थ पुन्हा ओरडला आणि आणखी काहीबाही बोलला, ते मी इथे लिहीत नाही. दोन-चार जण हसले. आमच्या मुलाने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

विद्यापीठाच्या थांब्यावर जवळजवळ सगळी बस रिकामी झाली. मीही उतरायला निघाले. तेवढ्यात तो मुलगा उठला आणि ड्रायव्हरच्या हातात डबा देत हळूच म्हणाला, “बाबा, डबा.”

मग वळला आणि त्याने मला पाहिलं.

मुलांनो, पेपर कोरा ठेवलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिला आहे, खिडकीची काच फोडलेल्या मुलाचाही पाहिला आहे. पण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आणि त्याचे बाबा? ते बिचारे लगबगीने खाली उतरले, हात रुमालाला पुसले आणि नमस्कार करून म्हणाले, “तुम्ही ह्याच्या बाई काय? नमस्कार! आमचं पोरगं अभ्यासात कसं हाय?”

“हुशार आहे,” मी म्हणाले. आणि मला तो जून महिन्यातला फॉर्म आठवला. ‘ऑफिसात, बाई.’

रस्त्यावर रोज शेकडो माणसं आपल्या बाबांना ‘ए ड्रायव्हर’ म्हणतात, हे त्याने पाहिलेलं होतं. मग वर्गातही तेच व्हायला नको, म्हणून त्याने ‘नोकरी’ लिहिलं. आणि मी सगळ्या वर्गासमोर त्याला हसवून घेतलं. चूक त्याची की माझी? सांगा पाहू!

आता ही चूक दुरुस्त कशी करायची? वर्गात जाऊन “याचे बाबा बस चालवतात, कुणी हसायचं नाही हं!” असं म्हटलं असतं तर? ती पहिल्यापेक्षा मोठी चूक झाली असती. जे त्याने लपवलं, ते उघड करण्याचा हक्क त्याचाच. मी गप्प राहिले.

तेवढ्यात एका रविवारी माझ्या मावसभावाच्या मुलीचा फोन आला. ती अमेरिकेत कॅलिफोर्नियात डेव्हिस नावाच्या गावी शिकते. बोलता बोलता म्हणाली, “आत्या, काल गंमत झाली. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने मला घरी सोडलं. बसने!”

“बसने म्हणजे? दोघी बसने आलात?”

“नाही गं! मी बसले होते आणि ती बस चालवत होती.”

मी तर तीनताड उडालेच! मग तिने जे सांगितलं, त्याची मी नीट माहिती काढली आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला वर्गात सांगितली. तुम्हीही ऐका.

डेव्हिस हे सॅक्रामेंटो शहराजवळचं छोटं गाव. २०२० च्या जनगणनेत तिथे ६७ हजारांच्या आसपास माणसं होती. म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या आठव्या हिश्श्याएवढं! गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिथे विद्यापीठाचं शेतकीचं शिक्षण सुरू झालं. १९५९ साली तिथे सगळे विषय शिकवणारं पूर्ण विद्यापीठ झालं. गाव सपाट, त्यामुळे सायकली फार. सायकलींसाठी रस्त्यावर वेगळी पट्टी आखण्याची सुरुवात अमेरिकेत तिथेच झाली, १९६७ साली. पण पावसात सायकल कशी चालवणार? आणि सगळ्यांनाच काही सायकल जमत नाही.

तेव्हा विद्यार्थ्यांनी काय करावं? कुणाकडे निवेदन घेऊन गेले? नाही. १९६८ साली तिथल्या विद्यार्थी संघटनेने चक्क लंडनहून दोन जुन्या, लाल, दुमजली बस विकत आणल्या! आणि स्वतःच चालवायला लागले. त्या सेवेचं नाव ‘युनिट्रान्स’. आता गंमत बघा. लंडनमध्ये आपल्यासारखंच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, म्हणून ड्रायव्हर उजवीकडे बसतो. अमेरिकेत सगळं उलट. वाहनं उजव्या बाजूने आणि ड्रायव्हर डावीकडे. तिथे या बस म्हणजे उलटा सदरा घालून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारख्या! पण गावाला त्या इतक्या आवडल्या, की लाल दुमजली बस ही त्या गावाची ओळखच होऊन बसली.

१९७२ पासून गावातल्या सगळ्यांसाठीच ही सेवा खुली झाली. आज तिथे सुमारे ५० बस आहेत. मार्गांना आकडे नाहीत, अक्षरं आहेत. ए, बी, सी, डी. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या फीमध्येच बसचे पैसे धरलेले असतात, म्हणून त्यांनी नुसतं ओळखपत्र दाखवायचं आणि चढायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बस चालवतात ते विद्यार्थीच. कुणी इंजिनीअर होणार असतो, कुणी गुरांची डॉक्टर होणार असते. आधी त्यांना बस चालवण्याचं शिक्षण देतात, परीक्षा घेतात, परवाना मिळाल्याशिवाय सीटवर बसू देत नाहीत. सकाळी बस चालवायची, दुपारी वर्गात बसायचं, आणि पगार मिळतो तो शिक्षणाला लावायचा.

वर्ग थक्क झाला. “बाई, खरंच मुलं चालवतात?” “मुलीपण?” “तिकीट कोण फाडतं?” तासाची घंटा झाली तरी प्रश्न संपेनात. मी चोरून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तो ऐकत होता. मला वाटलं, चला, जमलं! काम फत्ते!

पण छे! सगळी मुलं गेल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला.

“बाई, ती मुलं शिकून झाल्यावर काय करतात?”

“इंजिनीअर होतात, डॉक्टर होतात, शिक्षक होतात.”

“मग त्यांना कोण हसणार?” तो म्हणाला. “ती दोन वर्षं बस चालवतात आणि मोठी होतात. माझे बाबा ड्रायव्हरच राहतात.”

मुलांनो, मी डी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर दिलेला आहे. चांगले गुणही मिळाले होते. पण त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याला सांगत होते की हे काम छान आहे, आणि पुरावा म्हणून दाखवत होते ती अशी माणसं, जी ते काम सोडून जाणार होती!

मी एवढंच म्हणाले, “तू बरोबर विचारलंस. मला उत्तर येत नाही. तुझ्या बाबांना एकदा वर्गात बोलावू का? त्यांच्याकडून बसची माहिती घेऊ.”

“नको,” तो म्हणाला.

“बरं, नको.” विषय संपला.

नंतर आठवडाभराने काय झालं, ऐका. मधल्या सुट्टीत फाटकाजवळ मुलांचा वाद चालला होता. समोरच्या चौकात एक बस डावीकडे वळली, पण वळण्याआधी थोडी उजवीकडे गेली. एक मुलगा म्हणाला, “बघा, ह्याला नीट वळवताबी येत नाही!” तेव्हा आमचा तिसऱ्या बाकावरचा मुलगा एकदम म्हणाला, “येड्या, तसंच वळवायचं असतंय!”

आणि मग त्याने पायरीवर कंपासपेटी ठेवली आणि दाखवायला सुरुवात केली. बस लांब असते. पुढची चाकं ज्या वाटेने वळतात, त्याच वाटेने मागची चाकं येत नाहीत. ती आतल्या बाजूने, कोपरा कापून येतात. ड्रायव्हरने जर कडेला चिकटून सरळ डावीकडे वळवलं, तर मागची चाकं फुटपाथवर चढतील, नाहीतर तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर! म्हणून आधी थोडं बाहेर घ्यायचं, मग वळायचं. आणि म्हणूनच वळणाऱ्या बसच्या आतल्या बाजूला सायकल कधी घुसवायची नाही.

सगळी मुलं कंपासपेटीभोवती वाकून बघत होती. “तुला रे कसं माहीत?” कुणीतरी विचारलं. तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या आधीच तो माझ्याकडे आला. “बाई, बाबांना बोलवा. गुरुवारी त्यांना सुट्टी असते. पण ते कोण आहेत, हे तुम्ही सांगायचं नाही. मी सांगणार.”

गुरुवारी ते आले. सुट्टी असूनही इस्त्रीचा खाकी गणवेश घालून आले होते. मुलगा उभा राहिला, घसा खाकरला आणि एका दमात म्हणाला, “हे माझे बाबा. हे के.एम.टी.ची बस चालवतात. ते आज आपल्याला बसविषयी सांगणार आहेत.” आणि धप्पकन खाली बसला. कान लालभडक!

वर्गात एकदम शांतता. कुणी हसलं नाही. मग मागून आवाज आला, “म्हणूनच ह्याला सगळं माहीत हाय होय!” आणि मग हसू आलं, पण ते निराळं हसू होतं.

बाबा आधी फार घाबरले होते. “मला काय भाषण येत न्हाई पोरांनो. तुम्ही विचारा, मी सांगतो.” मग काय, मुलांना तेवढंच हवं होतं!

“काका, बस थांबली की फुस्स असा आवाज का येतो?”

ते म्हणाले, मोठ्या बसचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. इंजिनावर चालणारा एक पंप टाकीत हवा दाबून भरतो. पायाने पेडल दाबलं, की ती हवा ब्रेककडे धावते. पाय काढला, की ती बाहेर सुटते. तोच फुस्स! म्हणून सकाळी गाडी सुरू केली, की लगेच निघायचं नाही. हवेच्या दाबाचा काटा पुरेसा वर चढला, हे बघायचं आणि मगच डेपोबाहेर पडायचं.

“काका, घंटी का वाजवतात?”

“ती आमची भाषा हाय,” ते हसले. “कंडक्टर मागं, मी पुढं, मधी एवढी माणसं. ओरडून ऐकू येतंय होय? एक घंटी म्हंजे थांबा. दोन घंट्या म्हंजे, सगळी चढली, दार मोकळं हाय, चला. डबल बेल पडल्याबिगार मी गाडी हलवत न्हाई. मागं कोण चढतंय, कोण उतरतंय, ते मला कुठं दिसतंय? मी कंडक्टरच्या डोळ्यानं बघतो.”

“काका, मध्येच कुणी थांबवा म्हटलं तर का थांबवत नाही?” हे विचारणारी मुलगी फार साळसूद होती, पण मला ती बस आठवली.

बाबांनी खडू उचलला. “पोरांनो, गाडी ४० च्या स्पीडला हाय. एका सेकंदात किती पुढं जाईल? करा हिशोब.”

झालं, सगळ्या वह्या उघडल्या. ४० किलोमीटर म्हणजे ४०,००० मीटर. एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार केला. उत्तर आलं, ११ मीटरपेक्षा थोडं जास्त! (आता कळलं ना, कोडं कुणाचं?)

“म्हंजे बघा, समोर कुत्रं आलं. मला दिसलं आणि माझा पाय ब्रेकवर गेला, ह्यात एक सेकंद जातोय. तेवढ्यात गाडी एका गाडीच्या लांबीएवढी पुढं गेलेली असती. ब्रेक लागायचा अजून बाकीच हाय! माणसं भरलेली मोठी गाडी म्हंजे दहा हजार किलोच्या वर वजन. एकदम ब्रेक मारला तर उभी माणसं एकमेकांच्या अंगावर. मागनं येणारा स्कूटरवाला माझ्या गाडीवर. थांबा असतो तिथं मागच्यांना ठाऊक असतं, की ही आता थांबणार. मधीच थांबलं की कुणाला ठाऊक नसतं. म्हणून थांबत न्हाई. माणूस शिव्या देतोय, देऊ दे. पण रस्त्यात कुणाला उतरवलं आणि त्याला कुणी उडवलं, तर ते मला रातभर झोपू देणार न्हाई.”

वर्ग अगदी चिडीचूप होता. मी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं नाही.

“काका, बसस्टॉपवर कधी कधी दोन बस एकदमच का येतात?”

हेही त्यांनी खडूनेच सांगितलं. एका मार्गावर दहा-दहा मिनिटांनी बस सोडल्या. पहिली बस एखाद्या सिग्नलला तीन मिनिटं अडकली. मग पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमली. जास्त माणसं चढायला जास्त वेळ. ती आणखी मागे पडली. तिच्या मागच्या बसला मात्र माणसंच थोडी, कारण बरीचशी पुढच्या बसने नेली. म्हणून ती भराभर पुढे आली आणि शेवटी पहिलीला गाठलंच! जगात जिथे जिथे शहराची बस चालते, तिथे तिथे हे घडतं. म्हणून मुलांनो, खचाखच भरलेली बस आली, तर थोडं मागे वाकून बघा. पाठोपाठ रिकामी येत असण्याचा संभव असतो.

“काका, मला ड्रायव्हर होता येईल?” एका मुलीने विचारलं, आणि काही मुलं खुसखुसली. त्याचं उत्तर मी दिलं. तामिळनाडूत वसंतकुमारी यांनी १९९३ साली सरकारी बसचं स्टिअरिंग हातात घेतलं. मुंबईत ‘बेस्ट’ची बसही २०२२ पासून बाई चालवते आहे. बाबांनी नियम सांगितला. आपल्या देशात प्रवासी वाहन चालवायला वीस वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि त्याआधी निदान वर्षभर साधी, हलकी गाडी चालवण्याचा परवाना जवळ असावा लागतो. “अजून नऊ वर्षं हायत तुला. तवर अभ्यास कर,” ते म्हणाले. खुसखुसणारे गप्प बसले.

मग पहिल्या बाकावरच्या एकाने विचारलं, “काका, लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं?”

मला धस्स झालं. नको तो प्रश्न, असं वाटलं. पण बाबा खडू हातात घोळवत हसले.

“मला? मला ड्रायव्हरच व्हायचं होतं.”

तिसऱ्या बाकावरची मान वर झाली.

“आमचं गाव डोंगरात. दिवसातनं एकच एस.टी. संध्याकाळी यायची, रातभर गावातच मुक्काम, सकाळी परत. आजारी माणूस असू दे, बाजाराला जायचं असू दे, नायतर कॉलेजला, सगळी त्याच गाडीची वाट बघायची. मी तुमच्याएवढा होतो. पहाटे उठून जायचो आणि त्या गाडीची पुढची काच पुसायचो. ड्रायव्हरमामा मला चहातला अर्धा चहा द्यायचे. सगळं गाव त्यांना ‘मामा’ म्हणायचं. त्यांनी स्टार्टर मारला की सगळं गाव जागं व्हायचं. तवाच ठरवलं, आपण हेच व्हायचं. घरच्यांनी लई विरोध केला. पण झालोच की!”

तो मुलगा बाबांकडे टक लावून बघत होता. तास संपल्यावर मला म्हणाला, “बाई, हे मला माहीतच नव्हतं.”

मुलांनो, बघा हं. एका घरात राहून, एका ताटात जेवून, आपल्या बाबांना लहानपणी काय व्हायचं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं! आणि मी तरी कुठे विचारलं होतं? मी नुसता रकाना भरून घेतला होता.

त्या दिवशी जाण्याआधी मी वर्गासमोर उभी राहिले आणि जूनमध्ये मी जे बोलले, त्याबद्दल त्याची माफी मागितली. कशाबद्दल ते बाकीच्यांना आठवतही नव्हतं. त्याला आठवत होतं. अशा गोष्टी ज्याच्या त्यालाच आठवतात. मग त्याने विचारलं, “बाई, तो फॉर्म आहे का अजून?” मी कपाटातून काढून दिला. ‘नोकरी’ या शब्दावर त्याने एक रेघ मारली आणि वर अक्षर काढून लिहिलं, ‘बसचालक’.

आता थोडं तुमच्या आईबाबांशी बोलू द्या. त्यांनाही हे वाचून दाखवा.

पालकहो, या मुलाचे वडील नशीबवान. त्यांना जे हवं होतं, ते त्यांना मिळालं. सगळ्यांचं तसं नसतं, हे मला ठाऊक आहे. कुणी नाइलाजाने एखादं काम धरतं आणि त्यातच आयुष्य जातं. तरी तुमचं काम तुमच्या मुलांना सांगा. त्यात काय शिकावं लागतं, कुठे जपावं लागतं, चूक झाली तर काय होतं, हे सांगा. एखाद्या सुट्टीत कामाची जागा दाखवा. काम आवडत नसेल, तर तेही सांगा. मुलं समजूतदार असतात. आपण सांगितलं नाही, तर ती रस्त्यावरच्या लोकांच्या तोंडून आपल्याविषयी शिकतात. आणि बसमध्ये, दुकानात, दवाखान्यात आपण कुणाला ‘ए’ म्हणून हाक मारतो, तेव्हा शेजारी आपलं मूल ऐकत असतं. कधी कधी त्या माणसाचंही मूल ऐकत असतं.

बरं, मुलांनो, आता तुमचा गृहपाठ. पहिला, बसमधून उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता कधीच ओलांडायचा नाही. मागून वेगाने येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हाला ती गाडी दिसत नाही. बस निघून जाऊ द्यायची, दोन्हीकडे बघायचं, मगच ओलांडायचं. काकांनी हे तीनदा बजावून सांगितलं आहे, म्हणून मीही बजावते.

दुसरा, आज रात्री जेवताना आई आणि बाबा दोघांनाही विचारा, “तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं?” आजी-आजोबा घरी असतील, तर त्यांनाही विचारा. जे उत्तर मिळेल, ते पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. त्यांना विचारूनच पाठवायचं, हे विसरू नका.

आणि तिसरं, पुढच्या आठवड्याचं कोडं. हेही काकांचंच आहे. बसमधले ४० प्रवासी खाली उतरले आणि दोघे-दोघे स्कूटरवर बसून निघाले, तर किती स्कूटर लागतील? हे सोपं आहे. पण त्या सगळ्या स्कूटर एकामागे एक उभ्या केल्या, तर ती रांग बसच्या किती पट लांब होईल? स्कूटर आणि बस दोन्हींची लांबी तुम्हीच काढायची. पट्टी, सुतळी, पावलं, काय वाटेल ते वापरा. बस मात्र उभी असताना मोजा, आणि तीही स्टँडवर, ड्रायव्हरकाकांना विचारून!

चला तर, सगळे चढले ना? दार मोकळं आहे ना?

टण टण!